खोक्यावर ३२, हाती १६

मायक्रोसॉफ्टने २०१२ साली आणलेल्या ‘सरफेस आरटी’ टॅब्लेटची साठवण ३२ गिगाबाइट सांगितली जाई. मोकळी मिळे सुमारे १६. असे का? गिगाबाइट म्हणजे उत्पादकाच्या लेखी १००० चा घन बाइट, विंडोजच्या लेखी १०२४ चा. त्यामुळे ३२ चे तीसही भरत नाहीत. त्यातून सुमारे ८ विंडोज व ऑफिसला, ५ पुनर्स्थापनेच्या फायलींना. या फायली पेनड्राइव्हवर उतरवून मूळच्या पुसण्याची सोय होती. सोय उत्तम; पण पेनड्राइव्ह हरवला आणि यंत्र बिघडले, तर? जपणुकीची जबाबदारी ग्राहकावर आली. आमचा आक्षेप फायलींना नाही, आकड्याला आहे. मोकळी जागा किती, हे खोक्यावरच ठळकपणे छापावे. विद्यार्थ्यांकडून हे गणित अवश्य करवून घ्यावे.