कुमारवयीन मैत्रीची भाषा : ‘स्टँड बाय मी’ या चित्रपटाच्या निमित्ताने

मुलांची मैत्री आणि त्यांची साहसयात्रा या विषयावरील चित्रपटांचे परीक्षण बहुधा कथानकाच्या अंगाने केले जाते. मुले घराबाहेर पडली, संकटात सापडली आणि शहाणी होऊन परतली, एवढ्या सूत्रात या प्रकाराची बोळवण होते. परंतु ज्या वयात प्रत्यक्ष कृतीची सत्ता जवळजवळ नसतेच, त्या वयातील पुष्कळसे जीवन बोलण्यातच घडत असते, याकडे अशा परीक्षणात दुर्लक्ष होते. रॉब रायनर यांनी दिग्दर्शित केलेला ‘स्टँड बाय मी’ (१९८६) हा चित्रपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

स्टीफन किंग यांच्या ‘डिफरंट सीझन्स’ (१९८२) या संग्रहातील ‘द बॉडी’ या दीर्घकथेवर तो आधारलेला आहे. मूळ कथा मेन राज्यात घडते, चित्रपटाने ती ऑरेगनमध्ये नेली आहे. १९५९ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस गॉर्डी, क्रिस, टेडी आणि व्हर्न हे बारा वर्षांच्या आसपासचे चार मुलगे, आगगाडीखाली सापडून मेलेल्या रे ब्रॉवर नावाच्या मुलाचे प्रेत शोधण्यासाठी रुळांच्या कडेने चालत निघतात. ही हकिकत प्रौढ, लेखक झालेला गॉर्डी सांगतो.

या मुलांच्या संभाषणाचा मोठा भाग परस्परांच्या निंदेचा आहे. मित्राच्या आईसंबंधी नवनवे अपशब्द शोधून काढणे हे त्यांच्यात कौशल्याचे लक्षण समजले जाते, असे निवेदकही सांगतो. वरवर पाहता हा ग्राम्यपणा वाटेल. विल्यम लबॉव्ह यांनी हार्लेममधील कृष्णवर्णीय मुलांच्या निंदाक्रीडेचे जे विवेचन १९७२ मध्ये प्रसिद्ध केले, ते येथे उपयोगी पडते. अशा क्रीडेतील निंदा उघडपणे असत्य असावी लागते. ती सत्याला स्पर्श करू लागली की खेळ संपतो आणि अपमान सुरू होतो. चित्रपटातील गोरी मुले वेगळ्या समाजातील असली तरी हा नियम त्यांच्यातही कसोशीने पाळला जातो. तो मोडणारा माणूस मोठा आहे, हे महत्त्वाचे. भंगाराच्या आवाराचा मालक टेडीच्या बापाला वेडा म्हणतो. बाप खरोखरच वेड्यांच्या इस्पितळात आहे. त्याने टेडीचा कान शेगडीवर धरून भाजलेला आहे. तरीही टेडी चवताळून उठतो आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर लढलेल्या बापाचा कैवार घेतो. एरव्ही टेडीला वाटेल ते बोलणारे मित्र त्या क्षणी त्याला आवरून धरतात व सावरतात. कोठे थांबावे याचे ज्ञान हाच त्यांच्या मैत्रीचा व्याकरणनियम होय.

गटातील या भाषेहून दोघांतील भाषा निराळी आहे. शाळेच्या दुधाचे पैसे चोरल्याचा ठपका क्रिसवर आलेला असतो. त्याने ते चोरले होते हे खरे; पण नंतर ते शिक्षिकेला परतही केले होते. ती बाई गप्प राहिली आणि नवा झगा घालून शाळेत आली. ही कबुली क्रिस रात्रीच्या पहाऱ्याच्या वेळी एकट्या गॉर्डीजवळ देतो आणि रडतो. वाईट घराण्याच्या मुलाचे शब्द गावात प्रमाण मानले जात नाहीत. त्याचे बोलणे खरे मानणारा एकच श्रोता आहे, आणि मैत्रीचा अर्थ त्या श्रवणात आहे.

गॉर्डी शेकोटीपाशी सांगतो त्या गोष्टीचा प्रसंग विनोदी म्हणून ओळखला जातो. परंतु अधिक अर्थपूर्ण आहेत ते श्रोत्यांचे प्रश्न. स्पर्धेला प्रवेशफी होती काय, असे व्हर्न विचारतो. नायकाने घरी जाऊन बापाला गोळी घालावी, असा शेवट टेडी सुचवतो. बापाचा कैवारी आणि बापाच्या वधाची कल्पना करणारा मुलगा एकच आहे. जे तो स्वतःविषयी कधीच बोलू शकणार नाही, ते दुसऱ्याच्या गोष्टीच्या आधाराने त्याच्या तोंडून निघून जाते.

प्रेत सापडल्यावर मात्र भाषा थबकते. वर्तमानपत्रात नाव येण्याच्या आशेने निघालेली मुले शेवटी पोलिसांना निनावी दूरध्वनी करून मोकळी होतात. आपल्याच वयाच्या मुलाच्या पायातून उडालेले बूट पाहिल्यावर त्या गोष्टीचा डंका पिटणे अशक्य होते.

चित्रपटाचे न्यून दिसते ते प्रौढ निवेदनात. बाराव्या वर्षी लाभले तसे मित्र पुन्हा लाभत नाहीत, हा त्याचा निष्कर्ष प्रेक्षक डोळे पुसत स्वीकारतो. तथापि टेडी आणि व्हर्न पुढे शाळेच्या वाटेवरचे केवळ ओळखीचे चेहरे उरले, असे तोच निवेदक सांगतो, आणि ज्या क्रिसच्या मृत्यूच्या वार्तेने ही आठवण जागी होते त्यालाही तो दहाहून अधिक वर्षे भेटलेला नाही. सर्वसाधारण सिद्धांत म्हणून हे विधान चित्रपटातील पुराव्यावर टिकत नाही. शोकोद्गार म्हणूनच ते खरे आहे. याउलट पहाटे रुळांपाशी गॉर्डीला दिसलेले हरीण, ज्याविषयी त्याने मित्रांना काहीच सांगितले नाही, हा प्रसंग कोणत्याही निष्कर्षावाचून उभा राहतो. इतके बोलणाऱ्या मुलांतही न सांगण्याजोगे काही असते, हे तेथे कळते.

अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ (२०१४) या मराठी चित्रपटाशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. वडील वारलेला, आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला अकरा वर्षांचा चिन्मय पावसात किल्ल्यावर एकटा मागे राहतो. मित्र निघून गेलेले असतात. समवयस्क मुलांत अरे-तुरे पहिल्या भेटीपासूनच चालते, त्यामुळे मराठी सर्वनाम येथे जवळिकीची खूण ठरू शकत नाही. म्हणून चिन्मयचा दुरावा त्याच्या अबोल्यातून आणि चेहऱ्यातूनच वाचावा लागतो. तेथे प्रौढ निवेदक नाही. त्या वर्षाचे मोल कोणीही ठरवून देत नाही. आईची पुन्हा बदली झाल्यावर निरोप घ्यावा लागतो, इतकेच.

दोन्ही पद्धतींना आपापली किंमत मोजावी लागते. निवेदक असला की बालपण अर्थपूर्ण होते, पण ते प्रौढाच्या मालकीचे होण्याचा धोका संभवतो. निवेदक नसला की ते मुलाचेच राहते, पण पुढे त्याचे काय झाले हे अज्ञात राहते. ‘स्टँड बाय मी’चे श्रेय असे की, निवेदकाच्या आवाजाखालीही त्या चार मुलांचे बोलणे, त्यातील खेळ, कबुली आणि मौन यांसह, स्वतंत्रपणे ऐकू येत राहते. या प्रकारातील अन्य चित्रपटांचे मूल्यमापनही मुले काय करतात याबरोबरच ती परस्परांना काय बोलू देतात, या कसोटीवर व्हावयास हवे.