एकाच वाणीवर अख्खी प्रजाती?

‘चार लिंगांचा किडा सापडला’ छापाच्या बातम्या 2016 मध्ये बऱ्याच फिरल्या. मूळ पेपर मॅरेक, क्रेजका आणि शीअर यांचा, ‘झूकीज’मधला. सर्व्हेचं काम करायचं असेल तर तो वाचाच. बातमीत जे गळलं, तेच आपल्या कामाचं आहे.

कॅलिफोर्नियातल्या सेक्वोया नॅशनल पार्कच्या गुहेत 2006 मध्ये एक मिलिपीड, म्हणजे आपला वाणी, मिळाला. नर, 414 पाय. त्या एकट्यावरून ‘इलाक्मे टोबिनी’ ही नवी प्रजाती. नाव मिळायला दहा वर्षं लागली, पण हे लवकरच म्हणायचं; 2012 च्या एका अभ्यासात हे अंतर सरासरी 21 वर्षं निघालं होतं. आणि ती ‘लिंगं’ खरं तर पायच. या गटात नराच्या पायांची नववी-दहावी जोडी शुक्राणू पोचवण्यासाठी बदललेली असते, तिला गोनोपॉड म्हणतात. दोन जोड्या, म्हणून चार. वर्गीकरणवाल्याला यात नवल काहीच नाही.

नवल असलं तर नशिबाचं. वाण्यांच्या प्रजाती बहुतेक वेळा गोनोपॉडवरूनच ओळखतात. हाती मादी किंवा पिल्लू लागलं असतं तर नाव देणं फार अवघड गेलं असतं.

414 या आकड्यावर मात्र भाळू नका. या गटातले वाणी कात टाकताना वलयं आणि पाय वाढवत जातात, त्यामुळे आकडा त्या प्राण्याचा, प्रजातीचा नाही. भाऊबंद ‘इलाक्मे प्लेनिपेस’च्या मादीच्या 750 पायांशी त्याची तुलना बातमीपुरतीच ठीक.

मग एका नमुन्यावर प्रजाती लिहावी का? माझ्या मते हो, पण या लेखकांसारखा शोधाचा हिशोब द्यावा. त्यांनी सिएरा नेवाडाच्या पायथ्याला आणखी 63 ठिकाणं धुंडाळली, हाती काही लागलं नाही, आणि तेही सांगितलं. (माझ्या पहिल्या सीझनच्या तक्त्यातून मी रिकामे प्लॉट सरळ उडवले होते. आता पस्तावतोय.)

पण या 63 शून्यांवरून ‘प्रजाती फक्त त्या गुहेतच आहे’ असं म्हणायला मी धजणार नाही. दोऱ्याएवढा प्राणी, तोही जमिनीखाली. 1928 मध्ये नाव मिळालेला प्लेनिपेस पुन्हा सापडायला 2005 उजाडलं होतं. शून्य लिहाल तेव्हा शेजारी किती जणांनी, किती तास, कोणत्या महिन्यात शोधलं, तेही लिहा.