वेष्टनावरील भाषा व ग्राहकाचा माहितीचा हक्क

२०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ग्राहकाच्या हक्कांची जी गणना केली आहे, तीत वस्तूची गुणवत्ता, परिमाण, सामर्थ्य, शुद्धता, दर्जा व किंमत यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क समाविष्ट आहे. १९८६ च्या मूळ अधिनियमातही तो होताच. मात्र ही माहिती कोणत्या भाषेत मिळावयाची, याविषयी हक्कांच्या या व्याख्येत अवाक्षरही नाही. कायद्याच्या अभ्यासकांना ही बाब गौण वाटत असावी. भाषेच्या अभ्यासकाला ती तशी वाटणे शक्य नाही. कारण न समजणाऱ्या भाषेत दिलेली माहिती ही माहितीच नव्हे.

भाषेचा प्रश्न अधिनियमाने सोडला, तो नियमांनी उचलला. आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या वैध मापन नियमांनुसार वेष्टनावरील घोषणा देवनागरी लिपीतील हिंदीत अथवा इंग्रजीत असाव्या लागतात. अन्य भाषा त्यांच्या जोडीला वापरण्यास मुभा आहे, सक्ती नाही. याच नियमांत आकड्यांची व अक्षरांची उंची मिलिमीटरमध्ये ठरवून दिली आहे. अक्षर दिसावे याची एवढी काळजी घेणाऱ्या नियमकर्त्याने ते कळावे याची काळजी घेऊ नये, हे नवल होय.

‘देवनागरी लिपीतील हिंदी’ या शब्दयोजनेमुळे मराठी वाचकाची सोय होते, असा एक समज आढळतो. लिपी व भाषा यांची ही गल्लत नेहमीचीच आहे. मराठी वाचक हिंदी अक्षरे उच्चारू शकतो, हे खरे. परंतु उच्चार म्हणजे अर्थबोध नव्हे. समान लिपीमुळे उलट एक नवा धोका उद्भवतो, तो असा की शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ निसटतो. हिंदीत ‘तिथि’ म्हणजे तारीख. मराठीत तिथी ही चांद्र गणनेतील, एकादशीसारखी. हिंदीत ‘मात्रा’ म्हणजे परिमाण; मराठीत ती वैद्याने उगाळून चाटवावयाची, किंवा छंदात मोजावयाची. ‘खुदरा मूल्य’ वाचून मराठी माणसास चिल्लरीचा खुर्दा आठवेल, किरकोळ विक्रीची किंमत आठवणार नाही. हिंदी चित्रपटांवर वाढलेल्या शहरी वाचकास यात अडचण वाटणार नाही, हे मान्य. पण ज्याच्यासाठी हा हक्क निर्माण झाला तो तोच आहे काय?

शिवाय ‘हिंदीत अथवा इंग्रजीत’ यातील ‘अथवा’ हे अव्यय उत्पादकाच्या बाजूचे आहे. निवड त्याची, आणि आपल्या घरातील कोणताही डबा उलटून पाहिला, तर ती बहुधा इंग्रजीची असल्याचे दिसेल.

याविरुद्ध व्यापारी पक्षाचे म्हणणे असे की, एकच माल अनेक राज्यांत जातो. प्रत्येक राज्यासाठी वेगळे वेष्टन छापणे परवडणारे नाही आणि लहान पुडीवर जागाही नसते. ही अडचण खोटी नाही. परंतु ती अनुल्लंघनीयही नाही, याचा पुरावा आपल्याच विधिसंग्रहात आहे. कीटकनाशकांविषयीच्या १९७१ च्या नियमांनी वेष्टनावरील व सोबतच्या पत्रकातील मजकूर हिंदी व इंग्रजीबरोबरच, माल जेथे विकला जावयाचा त्या प्रदेशातील एका वा दोन भाषांत छापणे आवश्यक ठरविले. तंबाखूविषयक २००३ च्या अधिनियमाने तर भाषाशास्त्रज्ञास पसंत पडावे असे तत्त्व स्वीकारले, ते हे की वेष्टनावर जी भाषा योजिली असेल त्या भाषेत इशारा. ज्या भाषेत आर्जव करावयाचे त्याच भाषेत धोकाही सांगावयाचा! खाद्यपदार्थ व नित्योपयोगी वस्तूंना हे तत्त्व का लावू नये, याचे समर्पक उत्तर प्रस्तुत लेखकाला सापडलेले नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक विलक्षण वळण मिळाले आहे. दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती होऊन दहाहून कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी अनिवार्य झाली. मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असू नयेत, हेही आले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटीविषयी एवढा वाद झाला. पाटीखालून आत गेल्यावर फळीवरचा माल कोणत्या भाषेत बोलतो, याविषयी वाद झाल्याचे स्मरत नाही. वस्तुतः पाटी न वाचता दुकान ओळखता येते, पण औषधी गोळ्यांची मुदत मात्र वाचल्याशिवाय कळत नाही.

तथापि उद्या मराठीची सक्ती झाली, तरी प्रश्न संपत नाही. कोणती मराठी? खाद्यपदार्थांच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांनी ‘यूज बाय’ तारीख आवश्यक ठरविली व ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक. पहिलीचा संबंध सुरक्षिततेशी, दुसरीचा चवीशी व गुणांशी. बोलीत मात्र दोन्हींसाठी एकच प्रयोग, ‘डेट गेली’. या भेदासाठी आपल्या परिभाषाकारांनी संस्कृत समास घडविला, तर तो इंग्रजीइतकाच परका ठरेल. येथे नामाऐवजी क्रियापदाचा आश्रय घेणे इष्ट होय: ‘या तारखेनंतर खाऊ नये’ आणि ‘या तारखेपर्यंत चव टिकते’. अशी पर्यायी वाक्ये विभागातील विद्यार्थ्यांनी तयार करावीत आणि ती कोशकारांस नव्हे, तर वाण्याच्या दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांस वाचावयास देऊन, त्यांतून त्यांना काय कळले याची नोंद ठेवावी.