वास्तवनिष्ठ विज्ञानकथा आणि सोप्या नियमांचा भूमिकाखेळ

मेजाभोवती बसून संभाषणाच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळाचा पाया १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळाने घातला. एकाने सूत्रधार व्हावयाचे, इतरांनी एकेका पात्राची भूमिका घ्यावयाची आणि ज्या कृतीचे फल अनिश्चित असेल तिचा निर्णय फाशांवर सोपवावयाचा, असे या खेळाचे स्वरूप आहे. त्यातील सृष्टी अद्भुताची होती. वास्तवनिष्ठ विज्ञानकथेसाठी सोपी नियमपद्धती निवडू पाहणाऱ्यांसमोर निराळा प्रश्न उभा राहतो. सोपेपणा म्हणजे नियमांची अल्पता आणि वास्तवता म्हणजे गणिताची विपुलता, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. मग या दोहोंत विरोध दिसू लागतो. वस्तुतः हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे.

मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' हा खेळ १९७७ साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. त्याची यंत्रणा दोन साध्या फाशांची आहे. मूळ नियमांत नेम लागण्यासाठी ८ किंवा अधिक दान पडावे लागे; २००८ च्या मंगूस आवृत्तीत हीच मर्यादा मध्यम अवघड अशा सर्व कृतींना लागू झाली. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १५ अनुकूल, म्हणजे यशाचा संभव सुमारे ४२ टक्के. कौशल्याचा एक गुण मिळाला की तो ५८ टक्क्यांवर जातो. हिशोब तोंडी होतो आणि प्रत्येक गुणाला वजन राहते. परंतु या खेळाचे खरे बळ फाशांत नाही. एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे झेप घेण्यास सुमारे एक आठवडा लागतो आणि कोणतीही वार्ता जहाजापेक्षा वेगाने जात नाही, हा त्यातील नियम पाहावा. ही झेप काल्पनिकच आहे. तथापि तिचे परिणाम कठोरपणे पाळले जातात. राजधानीची आज्ञा वेळेवर पोहोचत नाही, त्यामुळे निर्णयाची जबाबदारी जागेवरच्या माणसावर येते. एका ओळीचा नियम साऱ्या कथेचे स्वरूप ठरवितो.

स्टीव्ह जॅक्सन यांच्या १९८६ च्या 'गर्प्स' पद्धतीत तीन फाशांचे मूळ तत्त्व सोपेच आहे. भार पडतो तो पात्ररचनेच्या गुणगणनेचा आणि ऐच्छिक तपशिलांचा. उलट २०१८ च्या 'मदरशिप'मध्ये शतमान पद्धती आहे; यशाचा संभव पात्राच्या कागदावरच वाचता येतो. त्यात मनावरचा ताण साठत जातो आणि अखेर घबराटीत फुटतो. येथे कठोरता यंत्राच्या ठिकाणी नसून मनाच्या ठिकाणी आहे. भयकथेला ती शोभते. मंगळावरील संथ, चिकाटीच्या संशोधनाची कथा मात्र तिच्यामुळे भयाकडे ओढली जाण्याचा संभव आहे.

ग्रंथ जितके कमी सांगतो तितके सूत्रधारावर अधिक पडते. अद्भुतकथेत ही उणीव त्याची लहर भरून काढते. वास्तवनिष्ठ विज्ञानकथेत ती निसर्गनियमांनी भरून निघू शकते. पृथ्वीवरून मंगळाकडे संदेश जाण्यास ग्रहांच्या अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, हे सर्वांना ठाऊक असले की त्यासाठी वेगळे कोष्टक लागत नाही. याच कसोटीवर 'ट्रॅव्हलर'ही उणा ठरतो. पृथ्वीवरील गुरुत्वाइतके त्वरण अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढविण्यास व पुढे तो कमी करण्यास अखंड वापरले, तर त्यातील जहाज सुमारे साडेतीन तासांत चंद्रावर पोहोचेल. १९६९ साली 'अपोलो ११'ला चंद्राच्या कक्षेत शिरण्यास सुमारे तीन दिवस लागले होते.

तथापि निसर्गाचा हवाला देण्यातही एक धोका आहे. टॉम गॉडविन यांच्या 'द कोल्ड इक्वेशन्स' या १९५४ च्या कथेत यानातील इंधन इतके मोजके असते की लपून आलेल्या मुलीला बाहेर टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हे क्रौर्य भौतिकशास्त्राचे नसून राखीव साठा न ठेवणाऱ्या माणसांचे आहे, असा आक्षेप टीकाकारांनी या कथेवर घेतला. तोच आक्षेप खेळाच्या सूत्रधारावरही येऊ शकतो. पात्राचा श्वास संपत आल्यावर जर प्राणवायूचा साठा सांगितला गेला, तर मृत्यू निसर्गाने घडविला की सूत्रधाराने, हे खेळाडूला कळण्यास मार्ग उरत नाही.

यास्तव सूर्यमालेपुरत्या कथेसाठी 'ट्रॅव्हलर'चे दोन फासे आणि ८ ची मर्यादा घ्यावी. झेप व अखंड त्वरणाची यंत्रे वगळावी. त्यांच्या जागी प्राणवायू, इंधन, प्रवासकाल आणि संदेशविलंब हे चार आकडे सर्वांसमक्ष कागदावर लिहून खेळास आरंभ करावा. मग दान कसेही पडो, त्याचा अर्थ आधीच ठरलेला राहील आणि पात्राच्या निवडीची जबाबदारी खेळाडूकडेच राहील. नियमांचा सोपेपणा आणि कथेची वास्तवता यांचा मेळ एवढ्याने बसतो.