नवसाची मुद्रा नव्हे

जुनी चिनी मुद्रा दगडाची, शिंगाची वा हस्तिदंताची. तीवर बहुधा मालकाचे नाव कोरलेले. कान्हेरीत एकोणिसाव्या शतकात वेस्ट यांना मिळालेले ठसे मात्र साध्या मातीचे. त्यांवर मालक नाही. प्रतीत्यसमुत्पादाची गाथा आहे. अशा ठशांना इंग्रजी अभ्यासक 'व्होटिव्ह' म्हणतात. त्याचे मराठी 'नवसाचे' असे करणे आम्हांस मान्य नाही. नवसाला देव लागतो, वर सौदाही लागतो! ही गाथा तर कारणाविना काही घडत नाही, असे सांगते. सातव्या शतकात भारतात आलेल्या चिनी भिक्खू इत्सिंग यांनी ती धातूंप्रमाणे चैत्यात ठेवीत, असे नोंदविले आहे. जळगाव जामोदलगतच्या संग्रामपूर तालुक्यात भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा स्तूप उघड झाला. त्याविषयी लिहिणाऱ्यांनी तरी 'नवस' हा शब्द टाळावा.