छायाचित्रातील युद्धविमान : एक साधनचिकित्सा

जुन्या छायाचित्रांवरून युद्धविमानांची ओळख पटविणारे हौशी अभ्यासक इतिहासलेखनास मोलाचे साधन पुरवितात. मात्र त्या साधनाची चिकित्सा आवश्यक आहे. १९४१ मध्ये मुंबईच्या युद्धनिधीतून भारतीय वायुदलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला लायसँडर विमाने मिळाली. उंचावरील पंख, त्यांना आधार देणारे तिरपे दांडे आणि आवरणबद्ध स्थिर चाके यांवरून हे विमान सहज ओळखता येते. पण तेवढ्याने छायाचित्राचा काळ ठरत नाही. जपानी विमानांच्या तांबड्या चिन्हाशी गल्लत टळावी म्हणून १९४२ पासून भारत-ब्रह्मदेश आघाडीवरील ब्रिटिश व भारतीय विमानांच्या वर्तुळातील तांबडा ठिपका काढण्यात आला. त्यामुळे ठिपका नसलेले चित्र सामान्यतः त्यानंतरचे ठरते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी बखरीपेक्षा अस्सल कागदपत्रांना अधिक प्रमाण मानले. त्या न्यायाने छायाचित्राखालील ओळ ही बखर, तर विमानावरील खूण हा अस्सल कागद होय. तथापि विमान ओळखले की अभ्यास पूर्ण झाला, ही धारणा या संशोधनाची मुख्य मर्यादा आहे. निधीस वर्गणी देणारा मुंबईकर आणि विमान सज्ज ठेवणारा तंत्रज्ञ चौकटीबाहेरच राहतात. त्यांचा शोध घेतल्याखेरीज यंत्राची नोंद इतिहासाच्या पदवीस पोहोचत नाही.