एका चेहऱ्यापुरता दागिना

स्टेनलेस स्टीलची एक बारीक रेषा. कपाळावरून उतरते, नाकाचा उतार पकडते, ओठांपाशी आत-बाहेर होते आणि हनुवटीकडे वळते. खडा नाही, नक्षी नाही, सोनं तर नाहीच. डच कलावंत खैस बाकर यांनी 1974 साली केलेल्या या कृतीचं नाव आहे ‘एमी फान लेरसुमसाठी प्रोफाइल दागिना’. एमी त्यांची पत्नी, वयाने बारा वर्षांनी मोठी, आणि दागिने घडवण्यात त्यांच्याच तोलाची.

दागिना एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो हे आपण धरूनच चालतो. आईच्या पाटल्या लेकीच्या हातात चढतात. माप कमी-जास्त झालं तर सोनार वाढवून देतो. ही पोलादी रेषा मात्र दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्याला लागू पडत नाही. नाकाचा बांधा जरा वेगळा असला की ती खोटी ठरते. एरवी दागिना चेहऱ्याची शोभा वाढवतो. इथे चेहराच दागिन्याचा आकार ठरवतो. मग हा आकार घडवला कोणी, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर सहीत सापडत नाही. त्यासाठी या दोघांच्या आधीच्या कामाकडे जावं लागतं.

दोघांचं शिक्षण ॲमस्टरडॅम आणि स्टॉकहोम इथे झालं. 1966 साली लग्न आणि उट्रेख्तमध्ये कार्यशाळा. पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये त्यांचे ॲल्युमिनियमचे भलेमोठे गळपट्टे मॉडेलच्या अंगावर, इलेक्ट्रॉनिक संगीताच्या साथीने लोकांसमोर आले. दागिना काचेच्या कपाटात पाहायचा आणि वजनावर तोलायचा, या दोन्ही सवयींना एकदमच धक्का बसला. बाकर यांचा धुराड्याच्या पाइपासारखा गळ्यातला दागिना याच वर्षीचा.

एमी यांची वाट अधिक कठोर होती. धातूची साधी नळी घ्यायची, तिला एखादा छेद द्यायचा, एखादा बाक द्यायचा आणि तिथेच थांबायचं. बांगडीचा आकार त्या एका कृतीतून आपोआप निघाला पाहिजे. वरून काही चिकटवायचं नाही. त्यांच्या बांगड्या पाहताना डोळा आधी छेद शोधतो, मग तो छेद नळीला कुठे नेतो ते पाहतो. त्यात गणिताची शिस्त आहे आणि उकल सापडल्याचा आनंदही.

1970 साली दोघांच्या नावाने ‘कपड्यांच्या सूचना’ ही मालिका आली. अंगाला घट्ट बसणारे पांढरे पोशाख आणि कोपर, गुडघा, खांदा अशा ठिकाणी आतून बसवलेले ताठ आकार. कापड तिथे ताणून बाहेर येतं आणि शरीराचे सांधे नको तितके ठळक होतात. पोशाख संपतो कुठे आणि दागिना सुरू होतो कुठे, हे सांगता येत नाही. त्यातला एमींचा वाटा किती आणि बाकर यांचा किती, हेही नाही. 1973 साली बाकर आणखी पुढे गेले. सोन्याची तार अंगाभोवती आवळायची, मग काढून टाकायची. कातडीवर उमटलेला वळ हाच दागिना. धातू गेला, शरीर तेवढं उरलं.

या वाटेवर पुढच्या वर्षी प्रोफाइल दागिना येतो. एमी इथे फक्त चेहरा देऊन थांबलेल्या नाहीत. जे समोर आहे त्यातूनच आकार काढायचा आणि वरून काही लादायचं नाही, हा त्यांच्या नळ्यांचा नियम. तोच नियम बाकर यांनी एमींच्याच चेहऱ्याला लावला. हात बाकर यांचा असेल, पण रेषेमागचा विचार दोघांच्या घरातला आहे.

याच 1974 साली नेदरलँड्समध्ये एकत्र येण्याची दुसरी तऱ्हाही दिसली. मारियन हर्ब्स्ट, ओनो बुकहाउट, फ्रान्स्वाज फान देन बॉस आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘बंडखोर सोनारांचा संघ’ काढला. त्यांचं काम शेजारी ठेवून पाहावं. हर्ब्स्ट यांनी शॉवरच्या नळीच्या बांगड्या केल्या; त्यात मिश्कीलपणा आहे. फान देन बॉस यांच्या ॲल्युमिनियमच्या बांगड्यांची काटेकोर भूमिती एमींच्या जवळची. बुकहाउट यांना वस्तू घडतानाच्या खुणा राखून ठेवण्यात रस. एकाची वस्तू दुसऱ्याच्या नावावर खपणार नाही इतके हे वेगळे. त्यांचं एकत्व वस्तूच्या बाहेर होतं: सामायिक नावात, एकत्र मांडणीत, आपल्याला जागा मिळावी या मागणीत. असा संघ फार काळ टिकला नाही, पण त्याची गरज त्या घडीची होती. एकट्या सोनाराचा आवाज संग्रहालयाच्या दारापर्यंत पोहोचत नसतो.

संघातून एकजण गेला तर बाकीच्यांच्या बांगड्यांना काही होत नाही. प्रोफाइल दागिन्यातून एमींना वजा केलं तर हाती फक्त वाकडी तार राहते. संघात प्रत्येकाचं नाव शाबूत असतं, कारण काम वेगळं मोजता येतं. जोडीत ते मोजता येत नाही, म्हणून एक नाव पुसट होण्याचा धोका कायमचा. इथेही कर्ता म्हणून बाकर यांचंच नाव लागतं. एमी शीर्षकात, जिला भेट दिली तिच्या जागी. पत्नी, प्रेरणा, मॉडेल अशा सोयीच्या खणांत स्त्री कलावंताला बसवणं कलेच्या इतिहासाला नवं नाही.

एमी 1984 साली गेल्या. बाकर पुढेही इतरांबरोबर काम करत राहिले: 1993 साली रेनी रामाकर्स यांच्यासह ‘ड्रोग’ ही डिझाइन संस्था, 1996 पासून अनेक डिझायनरांकडून दागिने करून घेणारा ‘की हा पाउरा’ हा उपक्रम. तिथे कल्पना कोणाची, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. ती पद्धत न्यायाची आहे, आणि आज एकत्र काम करणाऱ्या कलावंतांनी ती जरूर उचलावी. पण 1974 ची ती पोलादी रेषा अशा हिशेबात पुरती मावत नाही. तिच्या शीर्षकातलं नाव अर्पणपत्रिकेसारखं न वाचता कर्त्याच्या नावासारखं वाचलं, तरच तिचा आकार नीट कळतो.